तात्या वकील आणि नावेच्या पोटातली टाकी

सन एकोणीसशे चौतीस. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि अमरावतीच्या राजापेठेत रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून वांगी विकत होतो. तिथं तात्या वकिलांनी माझ्या वांग्यांची उलटतपासणी घेतली.

काळा कोट, धोतर, डोक्याला फेटा आणि ओठावर अशी भरदार मिशी, की माणूस यायच्या आधी मिशी येई. त्यांनी एक वांगं उचललं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"हे केव्हा तोडलं?"

"आज पहाटे."

"पहाटे अंधार असतो. कीड आहे की नाही हे तुला दिसलं कसं?"

"हात लावला का समजते."

"म्हणजे डोळ्यांनी पाहिलं नाहीस."

मलाही राग आला. म्हटलं, "तुमी लगन लावलं तवा बाई डोयानं पाहून घेतली होती काय? निंगाली ना चांगली?"

आजूबाजूचे माळी हसले. वकिलांनी वांगं खाली ठेवलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "प्रथमदर्शनी साक्षीदार उद्धट आहे, पण फुटणारा नाही. संत्र्याची झाडं समजतात का रे तुला?"

असा मी त्यांच्या बगीच्यावर लागलो. मोर्शीच्या पुढं वर्धा नदीच्या काठाला त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. नदीच्या अलीकडं वऱ्हाड, पलीकडं मध्यप्रांत. सरकार एकच, पण तात्या पलीकडं बोट दाखवून "तो दुसरा मुलुख" असं म्हणत, जसं काही तिथली माणसं वेगळ्या तोंडानं जेवतात.

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. तिसरीत एका गणितावरून मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. ते गणित अजूनही माझंच बरोबर आहे. म्हणून तात्यांसारखा शिकलेला माणूस माझ्याशी वाद घाली, तेव्हा मी कधी पाय मागं घेतला नाही, आणि त्यांनाही तेच आवडत असावं. शनिवारी कोर्ट सुटलं की ते अमरावतीहून निघत, आणि बगीच्यात पाय ठेवल्याबरोबर आमचा वाद सुरू होई.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. कोणी काहीही सांगितलं, तरी ते डोळे मिटून म्हणत, "हे झालं तुझं म्हणणं. आता दुसरी बाजू?" मी म्हणे, "या झाडाले पानी कमी पडलं." ते म्हणत, "दुसरी बाजू? पाणी जास्त झालं असेल तर?" घरात काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तांदूळ संपले असं सांगितलं की विचारत, "तांदळाची बाजू ऐकली का?" काकू रिकामा डबा त्यांच्यासमोर आपटून जात. वकिली त्यांची बेताचीच चाले. समोरच्या पक्षापेक्षा स्वतःच्या अशिलालाच इतके प्रश्न विचारत, की अशील घाबरून घरी जाई आणि शेजाऱ्याशी समेट करून टाकी. "म्हणजे न्याय झालाच ना," असं म्हणून तात्या जेवायला बसत.

आता नावेचं सांगतो.

तात्यांची एकुलती एक मुलगी नदीपलीकडच्या गावात दिलेली. बगीच्यातून हाक मारली तर तिकडचं कुत्रं भुंकावं इतकं जवळ. पण गाडीनं जायचं तर पुलावरून वळसा, आणि पावसाळ्यात चिखल इतका की बैलं बसत. नदीवर किसन भोई डोंगा चालवी. काकू त्या डोंग्यात पाय ठेवायला तयार नव्हत्या. म्हणत, "पाटावर बसून विहिरीत उतरल्यासारखं वाटतं." मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, तेव्हा प्रश्न आला नाही. दुसरं सासरी व्हायचं होतं, ऐन पावसाळ्याच्या शेवटी. काकूंनी आधीच बजावलं, "बारशाला मी पाळण्याजवळ उभी पाहिजे. कशी ते तुम्ही बघा."

तात्यांनी बघितलं. त्यांच्याकडं एक जुनी मोटार होती. तिचा सांगाडा गेला होता, पण इंजिन जिवंत होतं. किसननं रेती वाहायची एक रुंद, जुनी नाव मिळवली. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात मी दोन हंगाम इंजिनाला तेल घालत होतो, त्यामुळं आमच्यात इंजिन कोणाला समजत असेल तर मला. ओळखीच्या लोहाराकडून मी पाणी ढकलायचा पंखा करवून आणला आणि आम्ही नावेत मोटारीचं इंजिन बसवलं. ते चाललंही. राहिली पेट्रोलची टाकी.

काकू नाव पाहायला आल्या, तेव्हा टाकी त्यांच्या बसायच्या फळीशेजारी उघडी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "चुलीजवळ मी रॉकेलचा डबा ठेवत नाही, आणि तुम्ही मला पेट्रोलच्या मांडीवर बसवता? मला हे डोळ्यांसमोर दिसता कामा नये आणि याचा वास येता कामा नये."

म्हणून टाकी फळ्यांच्या खाली, नावेच्या पोटात घालायचं ठरलं. तिथून आमचा खरा खटला सुरू झाला.

तात्या म्हणाले, "तळाशी ठेव आणि चहूबाजूंनी पोती कोंब. हलणार नाही."

मी म्हटलं, "नाव म्हटली का तळात पानी येतेच. पोतं पानी पिऊन बसन आन् पत्रा सडन. खाली लाकडाच्या पट्ट्या, वर टायरच्या ट्यूबचं रबर, आन् वरून लोखंडी पट्टे कसाचे."

"दुसरी बाजू?"

"दुसरी बाजू नाही. असंच."

तो मुद्दा माझा झाला. मग मी टाकीच्या बुडाला तोटी लावली, जिनात असते तशी, गाळ काढायला. तात्या उकिडवे बसले, तोटीकडं पाहत राहिले.

"ही गळली तर थेंब कुठं जाईल?"

"खाली."

"खाली काय आहे?"

"नाव."

"जिनात खाली काय होतं?"

"जमीन."

"जमीन पिऊन टाकते. नाव पिईल का?"

मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही, पण तोटी काढून भोक झाळून टाकलं. हे त्यांचं झालं. पेट्रोल ओतायचं तोंड मी नावेच्या काठाशी वर आणलं, सांडलं तर नदीत सांडावं म्हणून. त्यावर तात्यांनी विचारलं, "नाव मधोमध असताना सांडलं, तर गुन्हा कोणत्या जिल्ह्यात?" किसननं खूप विचार करून सांगितलं, "सायेब, धार जिकडं नेईल तिकडं."

मग आला टाकीचा श्वास. रॉकेलच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एक ओतायचं आणि एक वारा जायचं. तसंच टाकीतलं पेट्रोल जसं कमी होईल, तशी आत हवा गेली पाहिजे, नाहीतर इंजिन उपाशी मरतं. मी एक बारीक नळी टाकीपासून काढून नावेच्या बाहेर सोडली. काकूंनी बसून पाहिलं. वाऱ्याची झुळूक त्यांच्याच बाजूनं आली. त्या पदर नाकाला लावून उतरल्या.

तात्यांनी तडजोड काढली. नळीचं तोंड आत वळवून फळ्यांखालीच सोडायचं. टाकीला श्वास मिळतो आणि काकूंना वास येत नाही.

"हे बराबर नाही," मी म्हटलं.

"कशावरून?"

"माह्या मनाले पटत नाही."

"मन हा पुरावा नव्हे." मग हळूच म्हणाले, "सोनाजी, तडजोडीत कोणालाच पटत नाही. म्हणून तर ती टिकते."

नळी आत गेली.

मुलगी बाळंत झाली. मुलगा झाल्याची खबर किसननं नदीपलीकडून ओरडून आणली. बारशाच्या आदल्या संध्याकाळी मी टाकी काठोकाठ भरली, आणि पाऊस आला तर इंजिन भिजू नये म्हणून सगळ्या नावेवर ताडपत्री करकचून बांधली. सकाळी ऊन कडक पडलं. तात्या नवी टोपी घालून आले, कोटाला इस्त्री, मिशीला तेल. काकूंबरोबर बाळंतविड्याची पेटी होती. तिच्यात कुंची, झबली, चांदीचा वाळा आणि डिंकाचे लाडू.

मी ताडपत्री सोडली. पोटातून असा वास वर आला, की काकू होत्या तिथंच थांबल्या.

"टाकी फुटली का रे?"

ते पाहायला फळी उचलून आत हात घालावा लागणार होता. आता आमच्याकडं ज्वारी पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीत माणसापेक्षा खोल खड्डा, धान्य भरून वरून तोंड बंद केलेला. महिन्यांनी उघडला की आत कोणी एकदम उतरत नाही. तळाशी जड हवा बसलेली असते, ती माणूस मारते. म्हणून आधी दोरीनं पेटता कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, जळत राहिला तर उतरायचं. माझ्या बापानं हे केलं, त्याच्या बापानं केलं. मी किसनला म्हटलं, "कंदील पेटवून आन."

किसननं त्याच्या झोपडीतून कंदील पेटवून आणला. त्यालाही यात काही वावगं वाटलं नाही. मी एक पाय नावेवर ठेवला.

"थांब," तात्या म्हणाले. "आधी मला विचारू दे."

काकू म्हणाल्या, "अहो, बारसं संध्याकाळी आहे. त्याला उतरू द्या."

"एकच प्रश्न. सोनाजी, दिवा विझला तर काय सिद्ध होतं?"

"हवा खराब."

"जळत राहिला तर?"

"हवा चांगली."

"आणि भडकला तर?"

"पेवात कंदील भडकत नाही."

"हे पेव आहे का?"

"खाली हाय, बंद हाय, अंधार हाय. अजून काय पाह्यजे?"

"पेवात काय असतं?"

"जवारी."

"आणि इथं?"

मी फळ्यांकडं पाहिलं.

"साक्षीदार गप्प आहे, असं लिहून घे किसन."

किसनला अक्षर येत नव्हतं. तो म्हणाला, "घेतलं, सायेब."

आता मला चेव आला. मी म्हटलं, "तुमचं कोर्ट चालू द्या. आमच्या घरी आजवर कोनी पेवात जळालं नाही. मी सोडतो दिवा." तेव्हा तात्या धोतर वर करून पाण्यात शिरले आणि नाव आणि मी यांच्यामध्ये उभे राहिले. इतका मोठा माणूस मांडीपर्यंत गढूळ पाण्यात, इस्त्रीच्या कोटात. म्हणाले, "तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणतो. पुराव्याशिवाय दिवा आत जाणार नाही."

पुरावा कसा आणायचा तेही त्यांनीच सांगितलं. खालची हवा जड असेल, तर ती पाण्यासारखी काढता आली पाहिजे. आधी कंदील दूर वाळूवर नेऊन ठेवायचा, त्याची काच काढायची. मग फळी उचलून बादली खाली सोडायची, हळूच वर घ्यायची, झाकण ठेवून वाळूवर न्यायची आणि वातीवर ओतायची. मी बादली काढून दिली. बादलीत काहीच दिसत नव्हतं. काठावर तोवर धुणं धुणाऱ्या बाया जमल्या होत्या. एक म्हणाली, "वकीलसायेब रिकामी बादली सांभाळून नेऊन राहिले, सांडन म्हून."

मी म्हटलं, "द्या, मी ओततो."

"दुसऱ्यानं केलेला प्रयोग मी ग्राह्य धरत नाही." ते वाकले, डावीकडं मान वळवली आणि बादली कलती केली.

भक्कन आवाज झाला. एक निळी जीभ उठली आणि गेली. तात्या वाळूवर बसले होते, हातात बादली तशीच. टोपी जागेवर, कोट जागेवर. उजवीकडची मिशी मात्र नव्हती. डावीकडची तेल लावून जशीच्या तशी.

तात्यांनी ओठाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "पुरावा ग्राह्य."

काकू धावत आल्या, त्यांचं तोंड दोन्ही हातांनी धरून इकडं तिकडं वळवलं, डोळे पाहिले, गाल पाहिले. सगळं शाबूत आहे म्हटल्यावर तिथंच वाळूत बसून इतक्या हसल्या, की बायांना वाटलं रडतात. मी नावेकडं पाहत होतो. बादलीभर हवेनं हे केलं. नावेत अशा किती बादल्या होत्या ते मी मोजलं नाही. पेवाची रीत खोटी नाही, हे मी आजही सांगतो. पण ती पेवाची आहे.

टाकी फुटली नव्हती. उन्हानं पेट्रोल तापलं आणि त्याची वाफ त्या आत वळवलेल्या नळीतून सकाळभर फळ्यांखाली उतरत राहिली. वरून ताडपत्री, मग ती जाणार कुठं. आम्ही कंदील विझवला, सगळ्या फळ्या उपसल्या, टाकी सोडून झाडाखाली नेऊन ठेवली. तरी तळातली हवा वर येईना. तेव्हा काकूंनी किसनच्या बायकोकडून सुपं मागवली आणि पदर खोचून स्वतः नावेत उभ्या राहिल्या. त्या, किसनची बायको आणि दोन धुणंवाल्या, चौघी सुपांनी नाव पाखडायला लागल्या. काठावरून एक म्हातारा जात होता. त्यानं विचारलं, "काय पाखडून राहिल्या, बाई?" काकू म्हणाल्या, "वकिलांची तडजोड."

इंजिनाला हात न लावता किसननं आणि मी वल्ह्यांनी नाव पलीकडं नेली. नाव रुंद होती, काकू बसल्या. मधोमध आल्यावर तात्या सवयीनं म्हणाले, "आता आपण वऱ्हाडातून बाहेर पडलो." काकू म्हणाल्या, "तुम्ही तर मिशीतूनही अर्धे बाहेर पडलात."

तात्यांना पलीकडं उतरून आधी न्हावी गाठायचा होता. राहिलेली अर्धी काढली की प्रश्न मिटला. काकूंनी हात धरला. "मामंजी हयात आहेत. बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढतो का? लोक काय समजतील?" तात्यांचे वडील राजापेठेत अंगणात बसून अजून रोज सुपारी कातरत होते. तात्यांनी तोंड उघडलं, पण या खटल्यात त्यांना दुसरी बाजू सापडली नाही. ते अर्ध्या मिशीनं बारशाला गेले. व्याही फार मर्यादेचा माणूस. त्यांनी मिशीकडं पाहिलं, मग छपराकडं पाहिलं आणि विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"अर्धा बरा झाला," तात्या म्हणाले.

पण काकू पाळण्याजवळ उभ्या होत्या. बाळाला कुंची त्यांनीच घातली. तात्या बाळावर वाकले तेव्हा बाळानं नेमकी उरलेली मिशी मुठीत धरली, आणि ती सोडवायला कोणाला घाई नव्हती.

तात्या, किसन आणि मी परत निघालो, काकू तिथं राहणार होत्या. काठावर पोचवायला आल्या, तेव्हा मला म्हणाल्या, "सोनाजी, येताना मी बाळ-बाळंतिणीला घेऊन येणार, आणि याच नावेतून, इंजिनावर. टाकी नीट बसव." मग तात्यांकडं वळल्या. "आणि तो बसवेल तेव्हा तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तुमची तडजोड मला पुरली." तात्यांनी मान हलवली.

कोर्टात ते त्याच अर्ध्या मिशीनं गेले. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, "साक्ष देताना गेली."

तात्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी सांगितलं की आता फार वेळ नाही. तात्या डोळे न उघडता म्हणाले, "हे तुमचं म्हणणं. दुसरी बाजू?" आणि त्यानंतर ते दिवाळी करून गेले. त्यांच्या मुलीनं मला निरोप पाठवला, मी गेलो, खांदा दिला. माणसं त्यांच्या हट्टाच्या गोष्टी सांगून हसत होती, मीही सांगितल्या. पण माझ्या मनात बसलेले तात्या बारशानंतरच्या सकाळचे आहेत.

त्या सकाळी मी उजाडल्याबरोबर नावेवर गेलो. काठाच्या वरच्या फळीला, पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी भोक पाडलं आणि नळी बाहेर काढून काठीच्या मुठीसारखी खाली वाकवली, म्हणजे पाऊस आत जाणार नाही आणि वाफ नदीवर जाईल. फळ्यांना दोन्ही टोकांना झरोके ठेवले. पट्ट्या घातल्या, रबर घातलं, टाकी बसवली, पट्टे कसले. तात्या संत्र्याच्या पालथ्या पेटीवर बसून पाहत होते. शब्द दिला होता, म्हणून तोंड घट्ट मिटलेलं, अर्धी मिशी तेवढी हलत होती. मी पट्टा कसला की त्यांचा ओठ हले, आणि मग ते नदीकडं पाहत.

सगळं बरोबर दिसत होतं. कोणी काही म्हणत नव्हतं. आजवर मला तेच पाहिजे होतं. मी पट्टा पुन्हा तपासला, नळी तपासली, पुन्हा पट्टा तपासला. त्यावर बारा-तेरा दिवसांचं पोर बसणार होतं.

मी पाना वाळूवर ठेवला, हात धोतराला पुसले, आणि पिंजऱ्यात साक्षीदार उभा राहतो तसा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"काकूले काय सांगाचं ते मी सांगन," मी म्हटलं. "तुमी विचारा."